गेमला नव्वद गुण, मग आपल्याकडे का अडतो?

गेमची परीक्षणं आणि त्यांना मिळणारे गुण या विषयावर किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: मेटाक्रिटिकवर (अनेक परीक्षणांच्या गुणांची सरासरी दाखवणारं संकेतस्थळ) भरघोस गुण पाहून एक गेम जुन्या कन्सोलवर घेतला. गर्दीच्या रस्त्यावर आलं की चित्र अडकतं, दोनदा गेम आपोआप बंद पडला. एवढे गुण देणाऱ्यांना हे दिसलं नाही का? (एक वाचक, रत्नागिरी)

बहुधा दिसलंच नसेल, कारण तुमच्याकडच्या मशीनवर त्यांनी तो खेळलेलाच नसतो. मोठा गेम पीसी आणि दोन-तीन कन्सोल अशा सगळ्यांवर एकाच दिवशी येतो. परीक्षणासाठी आधी मिळणारी प्रत मात्र अनेकदा एकाच मशीनची असते आणि ती कोणत्या मशीनची द्यायची हे प्रकाशक ठरवतो.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘सायबरपंक २०७७’. तो १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी समीक्षकांच्या हाती फक्त पीसीची प्रत होती. व्हिडिओत स्वतः खेळतानाचं चित्रण दाखवायलाही मनाई होती, कंपनीने पुरवलेलं चित्रणच वापरायचं. पीसीच्या आवृत्तीला मेटाक्रिटिकवर ८६ गुण मिळाले. प्लेस्टेशन ४ च्या आवृत्तीची परीक्षणं गेम विक्रीला आल्यानंतर लिहिली गेली आणि तिथला आकडा ५७ वर थांबला. आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढून पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो स्टोअरमध्ये परतला जून २०२१ मध्ये. ज्यांनी ८६ वाचून प्लेस्टेशन ४ वर आगाऊ नोंदणी केली, त्यांनी वाचलेला आकडा त्यांच्या गेमचा नव्हताच.

म्हणून घेण्याआधी पुढच्या गोष्टी बघा. मेटाक्रिटिकवर गेमच्या पानावर प्लॅटफॉर्म बदलता येतो, तिथे आपलं मशीन निवडा. एखाद्या प्लॅटफॉर्मवर किमान चार परीक्षणं जमल्याशिवाय तिथे गुण दिसत नाहीत. पीसीवर साठ परीक्षणं आणि तुमच्या कन्सोलवर एकही नाही असं दिसलं, तर प्रत त्या कन्सोलसाठी दिलीच गेली नव्हती असं धरा आणि आठवडाभर थांबा. मग दोन-तीन परीक्षणं उघडून ‘कशावर खेळलं’ ही ओळ शोधा. ती बहुतेकदा तळाशी बारीक अक्षरात असते. प्लेस्टेशन ४ आणि ४ प्रो, किंवा एक्सबॉक्स सीरिज एस आणि एक्स, यांत फरक असतो आणि परीक्षण बहुधा वरच्या मॉडेलवर झालेलं असतं. कोणता गेम कोणत्या मशीनवर सेकंदाला किती फ्रेम्स, म्हणजे चित्रं, देतो हे मोजून दाखवण्याचं काम ‘डिजिटल फाउंड्री’ वर्षानुवर्षं करत आली आहे. गुणांपेक्षा त्यांचा आलेख तुमच्या जास्त कामाचा.

पीसी किंवा लॅपटॉप असेल तर यूट्यूबवर गेमचं नाव, ग्राफिक्स कार्डचं पूर्ण नाव आणि रॅम लिहून शोधा. इथे एक चूक फार जण करतात. लॅपटॉपमधला आरटीएक्स ३०५० आणि डेस्कटॉपमधला आरटीएक्स ३०५० हे वेगवेगळे आहेत. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याला ४ जीबी मेमरी असते, डेस्कटॉपच्या मूळ कार्डात ८ जीबी. शिवाय लॅपटॉपच्या कार्डाला किती वॅट वीज मिळते हे मॉडेलप्रमाणे बदलतं. तेव्हा व्हिडिओ लॅपटॉपचाच हवा, आणि ताज्या पॅचनंतरचा, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटनंतरचा, हवा.

व्हिडिओत सरासरी फ्रेम्सवर भुलू नका. ६० फ्रेम्सना प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत यावं लागतं, ३० ना ३३.३ मध्ये. सरासरी ६० असून मधूनच एखादं चित्र १०० मिलिसेकंद घेत असेल, तर तुम्ही लिहिलंय तसंच अडकल्यासारखं वाटतं. कोपऱ्यात ‘१% लो’ असा आकडा दिसतो, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का चित्रांच्या वेळचा वेग, तो बघा. तो सरासरीच्या निम्म्याहून खाली असेल तर गेम हातात टोचणार.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. डाउनलोडचा वेळ त्या दोन तासांत धरत नाहीत, पण गेम उघडल्यावर ‘शेडर’ (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात गेलेली वीस मिनिटं धरतात. म्हणून सुरुवातीचा चित्रपट वगळा, थेट गर्दीच्या जागी जा आणि पहिल्या तासातच निकाल लावा.

प्रश्न: आमच्या शाळेत दहापैकी ७ म्हणजे फर्स्ट क्लास. गेमला ७ मिळाले की मुलं नाक मुरडतात. हे काय गणित आहे? (एक शिक्षक, देवगड)

पट्टी कागदावर १ ते १० असते, वापरात मात्र ६ ते १० एवढीच उरते. याचं एक कारण निवडीत आहे. दर वर्षी हजारो गेम येतात आणि परीक्षणासाठी संपादक त्यांतले थोडेच उचलतात. अगदीच फसलेल्या गेमवर तीस तास घालवायला कुणी बसत नाही. त्यामुळे छापून येणाऱ्या परीक्षणांत बरे गेमच जास्त. दुसरं कारण रंगाचं. मेटाक्रिटिकवर गेमला हिरवा रंग ७५ पासून मिळतो, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. त्याच संकेतस्थळावर चित्रपटाला ६१ पासूनच हिरवा मिळतो. म्हणजे ७० गुणांचा चित्रपट हिरवा आणि ७० गुणांचा गेम पिवळा.

शिवाय सगळे एकाच पट्टीने मोजत नाहीत. ‘एज’ या ब्रिटिश मासिकात १० मिळणं दुर्मीळ. जपानच्या ‘फामित्सु’मध्ये चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात आणि बेरीज ४० ची होते. पूर्ण ४० पहिल्यांदा १९९८ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’ला मिळाले. आयजीएन हे संकेतस्थळ आधी ८.३, ८.४ असे दशांशात गुण द्यायचं, जानेवारी २०२० पासून पूर्णांकात देतं. युरोगेमर या संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण बंदच केले आणि २०२३ मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत आणली. काही जण अक्षरात श्रेणी देतात. ही सगळी मापं मेटाक्रिटिक शंभरात बदलतं, आणि तिथे अर्थ सरकतो. ‘बी मायनस’ लिहिणाऱ्याच्या मनात गेम चांगलाच असतो, पण त्याचे तिथे ६७ होतात आणि रंग पिवळा लागतो.

पुढे सरासरी. मेटाक्रिटिक ती भारित काढतं, म्हणजे काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन देतं, आणि कुणाला किती ते सांगत नाही. ओपनक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झालं. तिथे साधी सरासरी असते आणि किती टक्के समीक्षकांनी शिफारस केली तेही दिसतं. आमच्या मते साधी सरासरी बरी, कारण ती आपल्याला स्वतः पडताळता येते.

पण सरासरी कोणतीही असो, ती एक गोष्ट लपवते. एका गेमला ८०, ७८, ७७, ८०, ७५ मिळाले. दुसऱ्याला ९५, ९५, ९०, ६०, ५०. दोन्हींची सरासरी ७८. पहिला सगळ्यांना बरा वाटलेला आहे. तो घेऊन तुम्ही फार खूशही होणार नाही आणि फार नाराजही. दुसरा काहींच्या जिवाचा आणि काहींना न सोसलेला. दुसऱ्यासारख्या गेमचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं अशी दोनच परीक्षणं पूर्ण वाचा. ५० देणारा लिहितो, ‘लढाई फार कठीण, मरून पुन्हा पुन्हा तीच वाट चालावी लागते’, आणि तुम्हाला तेच आवडत असेल, तर ते ५० तुमच्यासाठी शिफारस आहे. विद्यार्थ्यांना सरासरी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. विषय त्यांचा आहे, ऐकतील.

प्रश्न: माझो झील सातवीत आसा. गेमाक धापैकी नऊ मार्क गावले म्हणून तो घेवक सांगता. पण खोक्यार १८ लिवलला आसा. ह्यातलो खयचो आकडो धरूचो? (एक आई, कुडाळ)

खोक्यावरचा १८ धरायचा. नऊ हे गेम किती चांगला बनवलाय याचे गुण आहेत. तो कुणी खेळावा याचा त्या आकड्याशी संबंध नाही, आणि नऊ-दहा गुण मिळवणारे कितीतरी गेम फक्त मोठ्यांसाठीच असतात. १८ ही युरोपातल्या ‘पेगी’ या पद्धतीची वयोमर्यादा आहे. त्यात ३, ७, १२, १६ आणि १८ असे टप्पे आहेत. खोक्याच्या मागे छोटी चित्रं असतात, त्यांवरून हिंसा, शिवीगाळ, भीती, जुगार किंवा गेममधली खरेदी यांपैकी काय आहे ते कळतं. अमेरिकन खोक्यावर आकड्याऐवजी अक्षर असतं: ई म्हणजे सगळ्यांसाठी, टी म्हणजे १३ च्या पुढे, एम म्हणजे १७ च्या पुढे.

सातवीतल्या मुलासाठी १२ पर्यंतचे गेम बघा. मात्र ऑनलाइन खेळताना अनोळखी माणसं माइकवर काय बोलतील, हे कोणत्याही वयोमर्यादेत मोजलेलं नसतं. कन्सोलच्या पालक-नियंत्रणात व्हॉइस चॅट बंद करा आणि खरेदीला पासवर्ड लावा.

प्रश्न: आमच्याकडे नेट कधी असतं कधी नसतं. पावसात तर लाईटचाही भरवसा नाही. परीक्षणात याबद्दल कधीच काही का नसतं? (दोन वाचक, गुहागर आणि राजापूर)

परीक्षण लिहिणारा बहुधा मोठ्या शहरात, न तुटणाऱ्या जोडणीवर बसून लिहितो. त्याला अडचण येत नाही, म्हणून ती लिहिलीही जात नाही. तुम्हाला ही माहिती दुसरीकडून काढावी लागेल.

आधी आकार. स्टीमच्या पानावर तळाशी किती जागा लागते ते लिहिलेलं असतं. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी लागतात. एवढं सगळं उतरवायचं धरलं तर २० एमबीपीएसच्या जोडणीवर साधारण सतरा तास, १० वर तेहतीस. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर शंभर दिवस. शिवाय पॅच येत राहतात, आणि काही गेम छोट्या पॅचसाठीही मोठ्या फाइल्स नव्याने जुळवतात, तेव्हा तेवढी रिकामी जागा डिस्कवर ठेवावी लागते. परताव्याचे १४ दिवस खरेदीपासून मोजतात, म्हणून डाउनलोडची सोय झाल्याशिवाय पैसे भरू नका.

एक सोय कोकणासाठी फार उपयोगाची आहे. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या भावाच्या लॅपटॉपवर तोच गेम असेल, तर स्टीम तो घरातल्या घरात कॉपी करू देतं. ही सोय २०२३ पासून आहे. दोघांनी स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘डाउनलोड्स’मध्ये जाऊन स्थानिक नेटवर्कवरून फाइल्स देणं चालू करायचं. मूळ सेटिंग स्वतःच्याच खात्यापुरतं असतं, ते ‘मित्र’ असं बदलायचं आणि एकमेकांच्या मित्रयादीत असायचं. गेम दोघांच्याही खात्यावर विकत घेतलेला हवा. मग तुमच्याकडे इन्स्टॉल दाबलं की फाइल्स भावाच्या लॅपटॉपवरून येतात. लॉगिनला आणि शेवटच्या तपासणीला थोडं नेट लागतं, ते फोनच्या हॉटस्पॉटवर भागतं. वाय-फायपेक्षा लॅन केबल लावा. गिगाबिट पोर्ट असेल तर १०० जीबी साधारण अर्ध्या तासात येतात, १०० एमबीपीएसचा जुना पोर्ट असेल तर अडीच तास धरा.

दुसरं, गेम नेटशिवाय चालतो का. स्टीमच्या पानावर उजवीकडे दुसऱ्या कंपनीचं खातं लागेल अशी सूचना असली, किंवा आवश्यकतांमध्ये इंटरनेट लिहिलेलं असलं, तर सावध व्हा. मार्च २०१३ मध्ये आलेला ‘सिमसिटी’ एकट्याने खेळायलाही सतत जोडणी मागायचा. पॉलिगॉन या संकेतस्थळाने विक्रीआधीच्या सर्व्हरवर खेळून त्याला ९.५ दिले. विक्री सुरू झाल्यावर सर्व्हर कोलमडले तसे ते ८ वर आणि मग ४ वर आणले, आणि गाडं रुळावर आल्यावर ६.५ केले. गेम तोच होता, बदलली होती ती जोडणी. तुमची जोडणी रोजच त्या पहिल्या आठवड्यासारखी असेल तर तुमच्यासाठी चारच खरे.

तिसरं, लाईट. गेममध्ये हवं तेव्हा सेव्ह करता येतं की ठरावीक जागीच, हे शोधा. स्टीमवर गेमच्या चर्चेच्या पानावर ‘मॅन्युअल सेव्ह’ असं टाकलं की लगेच कळतं. कोपऱ्यात सेव्हची खूण फिरत असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते. डेस्कटॉपला छोटा यूपीएस असेल तर तेवढी दोन-तीन मिनिटं पुरतात. स्टीम क्लाउडवर, म्हणजे स्टीमच्या सर्व्हरवर, सेव्हची प्रत जाते ती बहुधा गेम बंद केल्यावर. वीज गेल्याने गेम अर्धवट बंद झाला असेल तर क्लाउडवरची प्रत जुनी राहते. पुन्हा सुरू करताना ‘कोणती ठेवू’ असं विचारलं तर तारीख-वेळ बघून नवी निवडा. घाईत क्लाउडची निवडली की कालचा खेळ गेला.

प्रश्न: समीक्षकांचे ९० आणि स्टीमवर ‘मिक्स्ड’. खोटं कोण बोलतंय? (एक वाचक, अलिबाग)

दोघंही आपापलं मोजताहेत. स्टीमवर खेळाडू फक्त हो किंवा नाही सांगतो आणि ‘हो’चे टक्के काढले जातात. ४० ते ६९ टक्के असतील तर ‘मिक्स्ड’, ७० पासून ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, ८० पासून ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ (किमान ५० अभिप्राय हवेत), आणि ९५ च्या पुढे ५०० तरी अभिप्राय असतील तर ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’. ९५ टक्के म्हणजे दहापैकी साडेनऊ नव्हे. शंभर जणांना गेम ‘ठीक, पैसे वसूल’ वाटला तर सगळे हो म्हणतात आणि १०० टक्के होतात.

फरक का पडला हे शोधायला पानावरचा आलेख उघडा. महिनावार निळे आणि लाल खांब दिसतील. लाल खांब सुरुवातीपासून सारखे असतील तर दोष गेममध्येच आहे. एकाच आठवड्यात लाल उसळी असेल तर त्या तारखेचे अभिप्राय वाचा. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’वर काही दिवसांत दोन लाखांहून जास्त नकारार्थी अभिप्राय पडले. कारण खेळात नव्हतं. पीसीच्या खेळाडूंना प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं होणार होतं आणि अनेक देशांत ते खातं उघडताच येत नव्हतं. ओरड झाल्यावर सोनीने सक्ती मागे घेतली. तक्रार रास्त होती, पण भारतात खातं उघडता येत असल्याने इथल्या खेळाडूला त्या लाल खांबातून गेम कसा आहे ते कळत नव्हतं. असे विषयाबाहेरचे हल्ले ओळखून गुणांतून वगळायला स्टीमने २०१९ मध्ये सुरुवात केली, तरी सगळे वगळले जात नाहीत.

मेटाक्रिटिकच्या वापरकर्ता-गुणांत ही अडचण जास्त, कारण तिथे गेम विकत घेतल्याचा पुरावा लागत नाही. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ येताच काही तासांत शून्य गुणांचा पाऊस पडला. गेम संपवायला वीस तासांहून जास्त लागतात, म्हणजे ते गुण खेळून दिलेले नव्हते. त्यानंतर तिथे गेम आल्यावर ३६ तास वापरकर्त्यांना लिहिता येत नाही असा नियम झाला.

अभिप्राय वाचताना त्याच्यावर लिहिलेले तास बघा. ०.४ तासांचा ‘चालूच होत नाही’ हा नकार उपयोगी आहे, त्याचं मशीन कोणतं ते वाचा. ३०० तासांचा नकारही उपयोगी, कारण पुढे गेम कुठे कंटाळवाणा होतो ते त्यात असतं. एका ओळीच्या विनोदांवर वेळ घालवू नका.

प्रश्न: या गुणांचा गेम बनवणाऱ्यांना काही फरक पडतो का? (एक वाचक, वेंगुर्ला)

पडतो, कधी थेट पगारात. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ झाले असते तर बोनस मिळणार होता. झाले ८४. ही गोष्ट २०१२ मध्ये त्या स्टुडिओच्या ख्रिस ॲव्हेलोन यांनी उघड केली. वजन गुप्त ठेवून काढलेल्या सरासरीच्या एका गुणावर लोकांचे पैसे अडावेत, हे आम्हाला चुकीचं वाटतं.

प्रश्न: यूट्यूबवर परीक्षण करणारे पैसे घेऊन बोलतात का? ओळखायचं कसं? (एक विद्यार्थी, चिपळूण)

गेमची प्रत फुकट मिळणं वेगळं आणि बोलण्याचे पैसे मिळणं वेगळं. आगाऊ प्रत फुकट मिळणं हा या धंद्यातला नेहमीचा रिवाज आहे. त्याबरोबर ‘एम्बार्गो’ येतो, म्हणजे अमुक दिवशी अमुक वेळेच्या आधी काही छापायचं नाही. त्यात गैर काही नाही, उलट सगळ्यांना पूर्ण खेळायला वेळ मिळतो. एम्बार्गो विक्रीच्या दोन-चार दिवस आधी उठत असेल तर प्रकाशकाला गेमची खात्री आहे. विक्रीच्या क्षणीच उठत असेल तर थांबा.

जाहिरातीचा दाब जुन्या, मोठ्या ठिकाणीही येतो. २००७ मध्ये गेमस्पॉट या परीक्षणांच्या संकेतस्थळावर ‘केन अँड लिंच’च्या जाहिराती झळकत असतानाच तिथलेच समीक्षक जेफ गर्स्टमन यांनी त्या गेमला ६ दिले. त्यानंतर त्यांना काढलं गेलं आणि दाबाची गोष्ट त्यांनी २०१२ मध्ये स्वतः सांगितली. यूट्यूबवरचं गाजलेलं प्रकरण ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’चं (२०१४). त्याचे प्रकाशक वॉर्नर ब्रदर्स यांच्यातर्फे व्हिडिओ करणाऱ्यांना पैसे दिले गेले, आणि दोष दाखवायचे नाहीत अशी अट होती. ‘प्रायोजित’ हा शब्द बऱ्याच ठिकाणी वर्णनात खाली दडलेला होता. अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या व्यापार आयोगाने, २०१६ मध्ये कंपनीवर कारवाई केली.

आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ॲस्कीचे, इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली. पैसे, भेटवस्तू किंवा प्रवास घेतला असेल तर ते पटकन दिसेल अशा जागी सांगावं लागतं. फसव्या शिफारशीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, नंतर पन्नास लाखांपर्यंत.

ओळखायला सोपी कसोटी: व्हिडिओत एक तरी दोष नेमकेपणाने, कुठे आणि कधी आला ते सांगून दाखवलाय का? त्याच माणसाने गेल्या सहा महिन्यांत कुठल्या गेमला ‘घेऊ नका’ म्हटलंय का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तिथे परीक्षण शोधू नका.

प्रश्न: प्ले स्टोअरवर ४.६ तारे असलेला गेम माझ्या फोनवर दहा मिनिटांत तापतो. (एक वाचक, सावंतवाडी)

तारे देणाऱ्यांतले अनेक जण गेमनेच विचारल्यावर देतात, आणि विचारलं जातं ते बहुधा डाव जिंकल्यावर. त्यामुळे आकडा वर राहतो. २०१९ पासून ताज्या ताऱ्यांना जास्त वजन आहे, नोव्हेंबर २०२१ पासून आकडा आपल्या देशापुरता दिसतो, आणि नंतर फोन-टॅबलेट असाही फरक आला. पण पंधरा हजारांचा फोन आणि लाखाचा फोन एकाच सरासरीत असतात.

‘सर्वांत नवे’ असं लावून दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. एक ताऱ्यात राग असतो, दोन-तीनमध्ये कारण. किती जणांनी तारे दिले तेही बघा: बारा जणांचे ४.८ असतील तर एक ताऱ्याचा एकच अभिप्राय ते ४.५ वर आणतो. तापण्यावर पहिला उपाय म्हणजे गेमच्या सेटिंग्जमध्ये फ्रेम्स ६० वरून ३० करणं. चार्जिंग करत खेळू नका, आणि मे महिन्यात जाड कव्हर काढून ठेवा.

प्रश्न: मला मराठीत गेमची परीक्षणं लिहायची आहेत. सुरुवात कशी करू? (एक वाचक, दापोली)

जरूर करा, मराठीत याची खरी गरज आहे. वर गुहागरच्या उत्तरात आलेलं सगळं, म्हणजे नेट, वीज आणि स्वस्त मशीन, तुम्हीच लिहू शकता. मोठी संकेतस्थळं ते लिहिणार नाहीत.

प्रत्येक परीक्षणाच्या वर एक चौकट द्या: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी की हार्ड डिस्क, ड्रायव्हर आणि गेमची आवृत्ती, रिझोल्यूशन, सेटिंग, किती तास खेळलात, शेवटपर्यंत गेलात का, प्रत विकत घेतली की मिळाली, रुपयांत किंमत आणि ती कोणत्या तारखेची. शेवटपर्यंत गेला नसाल तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही. न संपवता शेवटाबद्दल मत देणं मात्र वाचकाची फसवणूक आहे.

फ्रेम्स मोजताना गेममधली एकच गर्दीची जागा ठरवा. तिथे ६० सेकंदांची एकच वाट चार वेळा चाला. पहिली फेरी सोडून द्या, कारण तेव्हा फाइल्स लोड होत असतात. उरलेल्या तीन फेऱ्यांची सरासरी आणि १% लो लिहा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर पुरेसं आहे, फुकट मिळतं. फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डाने स्वतः बनवून घालणं) चालू असेल तर स्पष्ट लिहा: ३० च्या ६० दिसतात, पण बटणाचा प्रतिसाद ३० चाच राहतो. फोनवर अर्धा तास सलग खेळा, स्क्रीनचा प्रकाश ५० टक्क्यांवर ठेवा, बॅटरी सुरुवातीला आणि शेवटी किती होती ते लिहा आणि खोलीचं तापमानही लिहा. एसीत मोजलेलं दापोलीच्या दुपारी लागू पडत नाही.

खेळताना दर तासाला थांबून तीन ओळी टिपा: काय केलं, कुठे मजा आली, कुठे हात थांबला. चाळीस तासांनी लिहायला बसलं की शेवटचे पाचच आठवतात, आणि परीक्षण त्या पाचांचंच होतं.

गुण द्यायचे का? आमचं मत असं की सुरुवातीला देऊ नका. ‘लगेच घ्या’, ‘सवलतीत घ्या’, ‘सोडा’ एवढे तीन निकाल पुरेत. आकडे द्यायचेच असतील तर पहिल्या परीक्षणाआधी प्रत्येक आकड्याचा अर्थ लिहून छापा आणि ५ म्हणजे खरोखर मधला ठेवा. आपल्या माणसांच्या गेमला झुकतं माप देण्याचा मोह होईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला तेव्हा त्यातल्या चित्रकलेचं आणि पुराणातल्या जगाचं समीक्षकांनी कौतुक केलं आणि लढाईतले दोषही सांगितले. तसंच लिहा. दोष लपवले तर पुढचा गेम सुधारायला स्टुडिओच्या हाती काही राहत नाही.

प्रती मागण्याची घाई नको. आठ-दहा परीक्षणं विकत घेतलेल्या किंवा फुकट गेमवर लिहा, मग छोट्या स्टुडिओंना त्यांच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर लिहा आणि सोबत दुवे द्या. स्टीमवर क्युरेटर पान, म्हणजे आपल्या शिफारशींचं पान, उघडलं की ‘क्युरेटर कनेक्ट’मधून स्टुडिओ थेट प्रत पाठवू शकतात. एका गेमसाठी एकच प्रत मागा. दहा मागणारे पुढे विकतात हे त्यांना माहीत असतं, आणि तुमचं नाव तिथेच खोडलं जातं.

प्रत मिळाली की एम्बार्गोची वेळ नीट भारतीय वेळेत बदला. पॅसिफिक वेळेप्रमाणे सकाळी ८ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्या आठवड्यांत दोनदा तपासा. छापल्यानंतर पॅच येऊन काही बदललं तर मूळ मजकूर पुसू नका. खाली तारीख आणि आवृत्ती घालून काय बदललं ते जोडा, आणि निकाल बदलला असेल तर तो वरच्या चौकटीत आधीच्या निकालाशेजारी लिहा.